लंगडा कोल्हा आणि राजअंडी

१० सप्टेंबर, मंगळवार

उद्यानाने दिलेल्या वहीत खरं तेच लिहायचं, असं आग्नेसने आज सगळ्यांना बजावलं. म्हणून परतताना मी ही दुसरी वही विकत आणली.

आमचा डोंगर निसर्ग उद्यान झाल्याला तीस वर्षं होतील, पण त्यात काय काय आहे हे उद्यानवाल्यांना अजून नीट ठाऊक नाही. आग्नेस ही त्यांची प्राणी-वनस्पतींची जाणकार. बाई बार्सेलोनाची, चाळिशीची. पण बूट चिखलाने भरले की खूश होते, त्यामुळे तिला पाइनमुती म्हणायला जीभ वळत नाही. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या भरून येणाऱ्या, आमच्या अळंब्या तुडवणाऱ्या आणि पाइनच्या बुंध्याशी पाठमोऱ्या उभ्या राहणाऱ्या लोकांना आम्ही पाइनमुते म्हणतो.

तिने गावातले सहा पेन्शनर गोळा केले आणि डोंगराच्या सहा पट्ट्या करून आम्हाला वाटून दिल्या. आठवड्यातून एकदा आपापल्या पट्टीतून चालायचं आणि दिसेल ते लिहायचं: ठसे, लेंड्या, फुलं, पक्षी, अळंब्या. अळंब्या म्हणताना तिने आमच्याकडे आशेने पाहिलं. आम्ही सहाही जणांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मला जुन्या चॅपेलपासून झऱ्यापर्यंतचा दक्षिण उतार मिळाला. वार कोणता, असं तिने विचारलं तेव्हा मी मंगळवार सांगितला. एकतीस वर्षं मी मंगळवारीच जाते, आता सरकारी कामाने जाईन.

१७ सप्टेंबर, मंगळवार

उद्यानाच्या वहीत लिहिलेलं: निळ्या पंखांचे ‘जे’ नावाचे पक्षी ओकची फळं जमिनीत पुरताना, चार. रानडुकरांनी उकरलेली माती, ताजी. हेदरच्या झुडपांना फूल. झऱ्याजवळ कोल्ह्याचे ठसे. अळंब्या: नाहीत.

इथे लिहिते: राजअंडी अकरा. सात मिटलेली, चार उमललेली.

राजअंडं म्हणजे सगळ्या अळंब्यांचा राजा. आधी पांढऱ्या कवचात मिटून बसतं, अगदी अंड्यासारखं, मग कवच फाडून केशरी टोपी वर येते. मला मिटलेली आवडतात. पातळ काप करायचे, वर तेल आणि मीठ, शिजवायचंसुद्धा नाही. फक्त कापल्यावर आत केशरी दिसलं पाहिजे. आत पांढरं दिसलं तर ती दुसरीच विषारी जात, आणि मग पाद्र्याला बोलवायचं.

जागा मात्र इथेही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती पडली तर?

जागा बाबांची. बाबा कोळसा पाडायचे. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या भावाला पाणी आणायला पिटाळलं आणि मला जवळ बोलावून जागा सांगितली. पोटच्या पोराखेरीज कुणाही जिवंत माणसाला सांगणार नाही, असा शब्द घेतला. भावाला अजूनही वाटतं की त्या वेळी घराच्या कागदांचं बोलणं झालं. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण घराच्या कागदांवरचा राग निवळतो, अळंब्यांवरचा निवळत नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या जागी दुसरंही कुणीतरी येतं. आजचं नाही, पहिल्यापासून. चोर आहे, पण घरंदाज आहे. देठ सुरीने नीट कापतो, कापल्या जागी पालापाचोळा सारून ठेवतो, दाताळ्याने जमीन ओरबाडत नाही. आणि उमललेली तेवढी नेतो, मिटलेली ठेवतो. मूर्ख असावा.

कोल्ह्याचे ठसेही खरं तर तिथलेच. डावा मागचा पाय ओढतोय बिचारा. वहीत ते झऱ्याजवळ दाखवले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चौकातल्या कारंज्यापाशी किर्झे भेटला. माझ्याच वर्गातला, जन्मभर बुचाच्या झाडांची साल सोलली, पाच वर्षांपूर्वी बायको गेली. आता तो आणि त्याचा कुत्रा बटाटा, असे दोघंच असतात. बटाट्यासाठी मी सॉसेजची टोकं खिशात ठेवते. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली सापडल्यापासून त्याचा डावा पाय घासतो, त्यामुळे तो येतोय हे न बघताच कळतं.

किर्झेच्या हातात टोपली होती, वरपर्यंत नेच्याची पानं भरलेली. काही मिळालं का, असं रीतीप्रमाणे विचारलं. नुसतं पाय मोकळे करायला गेलो होतो, पानं बकरीला, असं त्याने रीतीप्रमाणे सांगितलं. त्याच्याकडे बकरी नाही. पण पानांखाली काय आहे हे विचारणं आमच्यात बसत नाही. असतील चार भिकार रोवेयो, पाइनखालच्या साध्या अळंब्या. किर्झेला झाडं कळतात, अळंब्या नाही.

मग त्याने माझ्याकडच्या झारीकडे पाहिलं. मी दर मंगळवारी बाबांच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायला म्हणून झारी आणि बाबांची लोखंडी टोकाची काठी घेऊन निघते आणि दफनभूमीच्या मागच्या दाराने डोंगर चढते. आज शुक्रवार होता, आज खरोखर पाणी घालायला निघाले होते.

"एवढं पाणी घालतेस," तो म्हणाला, "तुझ्या वडिलांच्या अंगावर एव्हाना बेडूक झाले असतील."

मी म्हटलं की तुझ्या बकरीला पाजीन उरलेलं. तो हसत हसत गेला. बटाटा मात्र मागे वळून वळून माझ्याकडे पाहत होता, सॉसेज संपलं तरी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी उतार, दुपारी सभा. उतारावर नऊ राजअंडी. वहीत: अळंब्या नाहीत.

सभेत आग्नेसने भिंतीवर नकाशा लावला. त्यावर आम्ही लिहिलेलं सगळं रंगीत टाचण्यांनी दाखवलं होतं. उदमांजराची एकाच खडकावरची शी, सुतार पक्ष्याची ढोली, ओढ्यातले काळे-पिवळे सॅलमँडर. दोन गोष्टींवर ती फार खूश होती. एक माझा लंगडा कोल्हा. दुसरा किर्झेचा बॅजर. किर्झेने लिहिलं होतं की त्याच्या पट्टीत, ओढ्यावरच्या बीच वृक्षांच्या रानात, बॅजरने खड्डे पाडलेत. बोटभर खोल, गोल, एका सरळ रेषेत, पावलापावलावर, आणि नेहमी पायवाटेच्या उजव्या बाजूला.

आग्नेस म्हणाली की बॅजर तोंडाने माती उकरतो हे खरं, पण असा रेषेत उकरणारा तिने ऐकलेला नाही. किर्झे म्हणाला की आमचे बॅजर शिस्तीचे. हे म्हणताना तो माझ्या काठीकडे का पाहत होता कोण जाणे. बहुधा त्यालाही तसली काठी हवी असेल, गुडघे त्याचेही गेलेत.

मग आग्नेसने विचारलं ते सगळ्यांना अवघड गेलं. ऑगस्टअखेर इतका चांगला पाऊस, एवढं मोठं रान, सहा माणसं, आणि दोन आठवड्यांत एकही अळंबी नाही? असुम्ता बेकरीवाली म्हणाली की हवा बदललीय हो. दुसरा कुणी म्हणाला की रानडुकरं खातात. किर्झे म्हणाला की अळंब्या आमच्या आजोबांच्या वेळी असायच्या म्हणे.

बिचारीने ते लिहून घेतलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज जागेवर जाताना चकित झाले. वाटेवर एक ओकची फांदी आडवी पडली होती, गेल्या आठवड्यात मी तिच्यावरून कशीबशी चढून गेले होते. ती कुणीतरी करवतीने कापून बाजूला ठेवलीय. आणि जागेच्या कडेला, सावलीत, एक सपाट दगड आणून मांडलाय, बसायला. बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीचा.

म्हणजे चोरही म्हातारा झाला तर. त्यालाही मधे टेकावं लागतं. मी त्याच्या दगडावर बसून माझा टोमॅटो घासलेला पाव खाल्ला आणि मला त्याची थोडी दया आली.

बसल्या बसल्या मनात आलं ते लिहून टाकते. मला पोटचं पोर नाही. भावाची मुलगी बार्सेलोनात राहते, अळंब्या प्लास्टिकच्या डबीतून आणते आणि मला फोनवर त्यांचे फोटो दाखवते. तिला जागा सांगायची म्हणजे शब्द मोडायचा आणि वर वायाही घालवायचा. माझ्यामागे ही जागा त्या चोराचीच होणार. निदान सुरी वापरतो, हेही नसे थोडके.

मिटलेली सहा होती. सगळी आणली. कोल्हा दगडाशेजारी बसून गेलेला दिसतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज ग्रामकचेरीच्या फळ्यावर नवा नकाशा लागला आहे. वणवा लागला तर आग विझवणाऱ्या गाड्यांना चढता यावं म्हणून दक्षिण उतारावर रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी आणि गाड्या वळवायला जागा. लाल गोल काढलाय. लाल गोलात माझी जागा आहे.

आता लिहितेच, लपवून काय उपयोग. जुना कोळशाचा चौथरा. बाबांनी कोळसा पाडण्यासाठी उतार खणून केलेली गोल सपाट जागा, भोवती बुचाची झाडं. सपाट आहे म्हणूनच त्यांनी निवडली. सपाट आहे म्हणूनच हेही निवडतायत.

टाकी नको असं मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा वणवा मी पाहिलाय, पोस्टाच्या गच्चीवर ओली चादर घेऊन उभी होते. टाकी हवीच. पण आग्नेस म्हणाली की वरच्या बंद खाणीतही टाकी बसली असती, थोडी लांब पडते इतकंच. जागा ठरवणाऱ्यांनी तिला विचारलं होतं की उतारावर जपण्यासारखं काही आहे का. तिने आमच्या वह्या काढून दाखवल्या. माझी वही. तीन मंगळवार, तीनदा माझ्याच हस्ताक्षरात: अळंब्या नाहीत.

मीच माझी जागा पुसली. दुसरं काय म्हणायचं याला?

हरकत नोंदवायला अठरा तारखेपर्यंत मुदत आहे. कचेरीत नोंदवही ठेवलीय, तिथे काय आहे, कुणी पाहिलं, हे नावानिशी लिहायचं. वही उघड्यावर आहे, येईल त्याने वाचावी. म्हणजे जागा वाचवायची तर ती साऱ्या जगाला सांगायची, आणि बाबांना दिलेला शब्द मोडायचा. नाही सांगितली तर शब्द राहतो, जागा जाते. जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

डोकं चालेना तेव्हा किर्झेला विचारलं, आडून. तो दारातल्या बाकावर सुकलेल्या शेंगा सोलत होता, मीही चार मुठी ओढून सोलायला बसले. म्हटलं, समज एका माणसाने बापाला शब्द दिलाय. आणि तो पाळला तर बापाचीच एक वस्तू मोडते. तर त्या माणसाने काय करावं?

किर्झेने हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाला, "त्या माणसाने शब्द पाळावा."

"आणि वस्तू?"

"वस्तूचं बघायला दुसरं कुणीतरी असेल की."

मी म्हटलं की दुसरं कुणी नाही, तेच तर दुखणं आहे. तो म्हणाला की असं कसं, असतं कुणीतरी. मग मला म्हणाला की तुझ्या दाण्यांत टरफलंच जास्त जातायत, तू आपली घरी जा.

इतका बिनकामाचा सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नसेल. सदतीस वर्षं पोस्टात बसून मी साऱ्या गावाची दुःखं तिकीट लावून पाठवली, माझं एक ऐकायला कुणी धड माणूस नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज टोपली नेली नाही. आरबोसच्या झाडांना एकाच वेळी पांढरी फुलं आणि लाल फळं आली आहेत, बाबांना ते फार आवडायचं. म्हणायचे, झाड असावं तर असं, पुढच्या वर्षाची तयारी या वर्षीच्या ताटावर.

चौथऱ्यावर चार राजअंडी होती, चारही मिटलेली. तशीच ठेवली. त्या दगडावर बसले आणि बाबांशी मोठ्याने बोलले, कारण तिथे ऐकणारं कोण आहे? म्हटलं, बाबा, तुम्ही जागा सांगितलीत ती राखायला की नुसती गप्प बसायला? गप्प बसण्यात मी पटाईत आहे, सारं गाव आहे. त्यानेच तर हे झालं. उद्या मी सांगणार. तुम्ही रागवायचं तर रागवा, वर आल्यावर बघून घेऊ.

थोडं रडले. नंतर हलकं वाटलं आणि भूकही लागली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोटही न काढता लिहायला बसले.

दहा वाजता ग्रामकचेरीत गेले, केस विंचरून, चांगला कोट घालून. कारकून मिकेलने नोंदवही पुढे सरकवली. पान उघडलं तर वर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं. या गावातलं प्रत्येक हस्ताक्षर मी ओळखते. हे मोठं, तिरपं, बुचाच्या सालीसारखं सुटं सुटं अक्षर किर्झेचं. तारीख अकरा. म्हणजे शेंगा सोलल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"दक्षिण उतारावरच्या जुन्या कोळशाच्या चौथऱ्यावर राजअंडी उगवतात. दर वर्षी, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. एकोणचाळीस वर्षं मी स्वतः काढतो. जागा मला माझ्या वडिलांनी सांगितली. माझ्याखेरीज तिथे कुणीही जात नाही. किर्झे, बूच सोलणारा."

पहिल्यांदा मला संताप आला, खोटं कशाला बोलू. एकोणचाळीस वर्षं! माझी राजअंडी! मनातल्या मनात मी वर्षाची तीस धरून गुणाकारही करून टाकला. मग त्याच्या वडिलांचं आठवलं. ते आणि बाबा एकाच भट्टीवर होते. कोळशाच्या भट्टीवर सतत डोळा ठेवावा लागतो, एकाने झोपायचं, एकाने जागायचं. दोघांनाही जागा ठाऊक असणारच. आणि दोघांनीही आपापल्या पोराला सांगताना सांगितलं असणार, फक्त मलाच ठाऊक आहे म्हणून.

मग दगड आठवला. कापलेली फांदी. मिटलेली अंडी, जी तो मूर्ख चोर दर वेळी मागे ठेवायचा. आणि लंगडा कोल्हा, ज्याला मी सॉसेज चारत आलेय.

आणि मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. माझ्याखेरीज तिथे कुणीही जात नाही. चांगलं ठाऊक असताना त्याने ते लिहिलं होतं. स्वतःचा शब्द मोडला, आणि माझा मोडू नये म्हणून वर खोटंही बोलला, सरकारी वहीत, नावानिशी.

मिकेलने विचारलं की बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ का. मी म्हटलं पेन दे. आणि खाली लिहिलं:

"वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. मीही जाते. एकतीस वर्षं, दर मंगळवारी. मिटलेली मी नेते. रेमेई, पोस्टवाली."

तिथून थेट त्याच्या दारात गेले. तो बाकावरच होता, बटाटा पायाशी.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?" मी विचारलं.

"पहिल्याच वर्षापासून. काठीची भोकं दिसली."

"आणि तोंडातून शब्द काढला नाहीस?"

"काढला असता तर तू यायची बंद झाली असतीस. नाहीतर मी. आपण दोघंही तसलेच."

खरंच होतं. मग मला बॅजर आठवला. माझ्या काठीची भोकं आपल्या पट्टीत दाखवून त्याने उद्यानाच्या वहीत त्यांचा बॅजर केला होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला की आग्नेसने काहीतरी लिहा म्हणून हट्ट धरला होता, आणि त्या आठवड्यात त्याला दुसरं काही विशेष दिसलं नव्हतं.

मी त्याला त्याच्या वडिलांना दिलेल्या शब्दाचं विचारलं. त्याने बटाट्याचे कान चोळले.

"मोडला," तो म्हणाला. "एकाने मोडला की काम होतं. दोघांनी कशाला?"

मी सांगितलं की उशीर झाला, मीही आत्ताच मोडून आलेय. हे ऐकून तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मीही हसले. एकतीस वर्षं एका अंगणात जेवून एकमेकांना न भेटलेली आम्ही दोन माणसं, दारात उभं राहून हसत होतो आणि समोरून असुम्ता पावाची टोपली घेऊन जाताना थांबून बघत होती.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मुदतीचा शेवटचा दिवस. सारं गाव नोंदवही वाचून आलं होतं. मी दार लावून बसले होते, म्हटलं आता शनिवारी चौथऱ्यावर पाइनमुत्यांची जत्रा भरणार, आणि लोक मला तोंडावर बोलणार.

दुपारी मिकेल स्वतः दारात आला. जरा चल, म्हणाला. नोंदवहीची सात पानं भरली होती. असुम्ताने लिहिलं होतं की राजअंडी बेकरीच्या मागच्या उकिरड्यावर उगवतात. पाद्र्याने लिहिलं होतं की चर्चच्या घंटेखाली. कुणी धुण्याच्या हौदाशी, कुणी मोटारींच्या थांब्यामागे. एकाने डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या गावाचं नाव घातलं होतं, त्यांच्याशी आमचं पटत नाही. मिकेलने फुटबॉलच्या मैदानावर, उत्तरेकडच्या गोलात. एकूण त्रेचाळीस जागा, प्रत्येक जागी राजअंडी, प्रत्येकाची सही. बाहेरच्या माणसाने वाचलं तर आमची खरी कोणती हे त्याच्या सात पिढ्यांना सापडणार नाही.

मला गावातल्या कुणाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. खोटं बोलून जागा घालवली होती, खोटं बोलूनच गावाने ती झाकली.

आग्नेसने सगळी पानं वाचली आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. ती चिडलीय असं वाटलं, पण तिचे खांदे हलत होते. मग म्हणाली की टाकी हलवायला मला एक खरी जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागेल. किर्झेने तिचे डोळे बांधून न्यायचं सुचवलं. मी त्याला कोपर मारलं.

तिघं गेलो, बटाटा पुढे. दफनभूमीच्या मागच्या दाराने, झारी हातात. चौथऱ्यावर ती चार राजअंडी उमलली होती, उन्हात केशरी. आग्नेस गुडघ्यांवर बसली. जपानी बाहुलीला हात लावावा तसा तिने एका टोपीला हात लावला. मग तिला मातीतले ठसे दिसले. तिने ठशाकडे पाहिलं, पाय ओढत चाललेल्या बटाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सेन्योरा रेमेई," ती म्हणाली, "तुमच्या कोल्ह्याचा मी भिंतीएवढा नकाशा काढलाय. तीन वेळा शहरात जाऊन त्याच्यावर बोललेय."

मी म्हटलं की बटाट्याला सांगते, त्याला बरं वाटेल. ती पुढे म्हणाली की बॅजरबद्दल आता ती विचारणारच नाही. किर्झेने तिला शपथ घातली: ही जागा पोटच्या पोराखेरीज कुणाही जिवंत माणसाला सांगणार नाही. तिने उजवा हात वर करून ती घेतली, अगदी गंभीरपणे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या सर्व संतांचा दिवस. चौकात चेस्टनट भाजतायत, बदामाच्या गोळ्या आणि गोड वाइन आहे, सारं गाव जळक्या सालींनी तोंड काळं करून हिंडतंय.

आज पत्र आलं. टाकी बंद खाणीत होणार. चौथरा राहिला.

गेल्या शनिवारी अपेक्षेप्रमाणे पाइनमुते आले. बातमी कुठून तरी फुटलीच होती. चार गाड्या फुटबॉलच्या मैदानावर उभ्या होत्या आणि एक सभ्य दिसणारा माणूस उत्तरेकडच्या गोलात ओणवा होऊन गवत चाचपत होता. आम्ही सगळे बारच्या खिडकीतून बघत होतो. मिकेलने सर्वांना वाइन पाजली. दोघी बायका पाद्र्याला घंटेखाली नेण्याची विनंती करत होत्या, त्याने त्यांना मिस्साच्या प्रार्थनेला बसवलं.

किर्झेने मला सोललेले चेस्टनट दिले, हातरुमालात बांधून, अजून गरम. त्याच्याकडचे नेहमी अर्धे जळलेले असतात. हे नव्हते. त्याने निवडून काढले होते, हे मला आता कळतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

राजअंड्यांचा हंगाम संपला. तरी सकाळी निघाले, तर दफनभूमीच्या दाराशी किर्झे उभा, हातात नवी कोरी झारी. म्हणाला की माझ्याही वडिलांना पाणी घालायला हवं, किती वर्षं राहून गेलंय. आम्ही दोघांनी दोघांच्या थडग्यांना पाणी घातलं. दोघे एकमेकांपासून चार पावलांवर आहेत आणि एकमेकांपासून काय लपवत होते हे आता त्यांनाही कळलं असेल.

मग मागच्या दाराने त्याने मला वेगळ्याच वाटेला लावलं. ओढ्यावर, बीचच्या रानात, जिथे मी कधी गेले नव्हते, त्याच्या पट्टीत. पिवळ्या पानांखाली मरणतुताऱ्या, काळ्या, कर्ण्यासारख्या अळंब्या, इतक्या की पाय कुठे ठेवावा कळेना. नाव भीतीदायक, पण वाळवून भातात घातल्या की घरभर वास सुटतो. ही जागा त्याच्या आईची. तिने मरताना त्याला सांगितली, त्याने आजवर कुणालाही नाही. बायकोलासुद्धा नाही, म्हणाला, ती शेवटपर्यंत विचारत होती.

मी विचारलं, मग मला का?

तो वाकून कापत होता, वर न बघता म्हणाला, "तुला सांगितली नाही. तू माझ्या मागून आलीस."

यावर मला जे वाटलं ते मी सरळ लिहिते, कारण ही खरी वही आहे. मला फार आनंद झाला. चौसष्टाव्या वर्षी इतका होईल असं वाटलं नव्हतं.

दोन टोपल्या भरल्या, वर नेच्याची पानं घातली. चौकात असुम्ताने विचारलं की काही मिळालं का. किर्झे म्हणाला, पानं बकरीला. मी म्हटलं, आमच्या बकरीला.

उद्यानाच्या वहीत, आजची तारीख: लंगडा कोल्हा रद्द करावा, तो कुत्रा आहे, नाव बटाटा. शिस्तीचा बॅजर रद्द करावा, ती मी. आरबोसला फळं. ‘जे’ पक्षी दोन. अळंब्या: नाहीत.